मागच्या रांगेतून दिसणारी रेघ

ऑफिसात त्यांना रेघमामा म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते महिन्यातून एकदा कारकून वाचायचा आणि विसरायचा. तीस वर्षं या माणसाने एकच काम केलं, रेघा मारल्या. थापा नव्हे हं, रेघा. थापा मारणारी माणसं त्या इमारतीत वेगळी होती आणि त्यांना वरचा मजला दिलेला होता.

ते ऑफिस आराखड्याचं. नुसत्या शहराचा नव्हे, तर शहर, भोवतालची गावं, नदी, टेकड्या अशा सगळ्या टापूचा एक आराखडा, तोही पुढच्या तीस वर्षांचा. इथे माणसं किती वाढतील, राहतील कुठे, पाणी कुठलं पितील, कामाला कोणत्या रस्त्याने जातील, हे आजच ठरवून ठेवायचं, म्हणजे उद्या रस्त्याच्या जागेवर कुणी घर बांधून बसायला नको. मोठे साहेब तीस वर्षांनंतरची माणसं शेकड्यापर्यंत मोजून सांगायचे. त्याच साहेबांना आज घरी जेवायला किती जण आहेत ते बायकोला फोन करून विचारावं लागायचं. पण ते असो. आकडा साहेबांचा, अक्कल साहेबांची आणि रेघ मामांची.

हाताची रेघ बरं का. संगणक तेव्हा कुठले! साहेब मोठ्या कागदावर पेन्सिलीने रस्ते, शाळा, पाण्याच्या टाक्या आखायचे. मामा त्यावर ट्रेसिंगचा पारदर्शक कागद ताणून बसवायचे आणि खालची पेन्सिल बघत वर शाईने पक्की रेघ ओढायचे. मग पेन्सिलीचा कागद गुंडाळून नळीत, नळी रेकॉर्डच्या खोलीत, आणि पुन्हा तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. कायद्याला खरी ती शाईची रेघ. नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर शंभर मीटर. "श्वास सोडायचा तो रेघ संपल्यावर," मामा नवीन माणसाला सांगायचे. "मध्येच शिंक आली तर कुणाची तरी विहीर जाते."

माणूस नाकासमोर चालणारा. लोक यायचे, खुर्ची ओढून जवळ बसायचे, हळूच म्हणायचे, मामा, एवढी केसभर तिकडे सरकवा की. मामा चष्मा काढायचे, पुसायचे, पुन्हा घालायचे आणि म्हणायचे, "रेघ कुणासाठी हलत नसते." झालं. पुढे ब्रह्मदेव आला तरी तेच वाक्य. हे वाक्य त्यांना फार आवडायचं, खोटं कशाला बोला.

आता अक्काचं सांगतो, कारण ही गोष्ट तिचीच आहे.

मामांची आई ते पाच वर्षांचे असताना गेली. वडील असून नसल्यासारखे. नऊ वर्षांनी मोठ्या बहिणीने, अक्काने, त्यांना वाढवलं. ती शाळा सोडून एका शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायला बसली. "दोघांतलं एक शिकलं तरी पुष्कळ," असं म्हणायची, आणि ते एक कोण हे तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. पुढे त्या शिंप्यानेच तिला मागणी घातली. मेहुणा पदरात घेऊन लग्न करणारा नवरा दिवा लावून शोधला तरी सापडायचा नाही. भावोजींनी मामांच्या शिक्षणाला कधी नाही म्हटलं नाही. उलट नोकरी लागली तेव्हा त्यांना एक शर्ट शिवून दिला आणि त्याच्या खिशाला चार कप्पे केले, चार पेनांसाठी. सगळ्या ऑफिसात तसा खिसा कुणाला नव्हता. त्यानंतर मामांनी दुसऱ्या शिंप्याचा शर्ट अंगाला लावला नाही.

अक्का आणि भावोजींचं घर शहराच्या कडेला. दोन खोल्या, पुढे अंगण, खिडकीशी शिवणयंत्र. मुलगा दहा वर्षांचा झाला तेव्हा भावोजींनी ठरवलं, वर एक खोली काढायची. पोरगं उद्या मोठं होईल, सून येईल, सगळी काय एकमेकांच्या अंगावर झोपणार? अंगणातून त्यांनी जिना घ्यायला सुरुवात केली. सात पायऱ्या झाल्या.

आणि त्याच महिन्यात आराखडा लोकांपुढे मांडायचं ठरलं.

शहराबाहेरून फिरणारा मोठा रस्ता, हा त्या आराखड्याचा कणा. दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहात नकाशा टांगायचा होता. दुपारी मोठे साहेब मामांच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "रस्त्याची हद्द मागच्या रांगेतून दिसली पाहिजे. नाहीतर लोक ओरडतील, लपवून ठेवली म्हणून." टांगायची प्रत वेगळी करायची, हा नियम. त्या प्रतीवर हवी तेवढी जाड रेघ मारा, कोण विचारतो! पण वेगळ्या प्रतीला दोन दिवस लागतात आणि हातात उरली होती एक दुपार. मामांनी बारीक पेन ठेवलं, जाड पेन घेतलं आणि मूळ ट्रेसिंगवरच रेघ ओढली. एका दमात, कुठे थरथर नाही. साहेबांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं आणि "वा!" म्हणाले. मामांना त्या 'वा'चा आनंद आठवडाभर पुरला.

मग बाधित घरांची यादी झाली. रेघेचा स्पर्श झाला की घर बाधित. बाधित घराला नवं बांधकाम नाही, जिना नाही, खोली नाही. रस्ता येईल तेव्हा घर जाईल, तोवर जसं आहे तसं ठेवायचं. तेवीस घरं होती. एकोणिसावं अक्काचं.

अक्का ऑफिसात कधी आली नव्हती. ती मामांच्या भाड्याच्या खोलीवर आली.

"एकदा बघशील का रे? नुसतं बघ. चूकभूल झाली असेल."

"अक्का, माझ्याकडून चूकभूल?"

"तसं नव्हे. पण हे म्हणतात—"

"रेघ कुणासाठी हलत नसते, अक्का. आज तुझ्यासाठी हलवली तर उद्या लोकांना कोणतं तोंड दाखवू?"

अक्काने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर एक विचित्र गोष्ट दिसली. तिला वाईट वाटलं होतं आणि अभिमानही वाटत होता, दोन्ही एकदमच. "बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "मी विचारायलाच नको होतं." आणि जाताना त्यांच्या खिशाचा सुटलेला टाका तिथेच उभी राहून घालून गेली.

रेकॉर्डच्या खोलीत जाऊन ती नळी उघडायला मामांना पाच मिनिटं लागली असती. पण स्वतःच्या बहिणीसाठी नळी उघडताना कुणी पाहिलं असतं तर? तत्त्व म्हणजे तत्त्व. ते गेले नाहीत.

सुनावणीला मात्र भावोजी गेले. सभागृह गच्च भरलेलं. गळ्यात टेप तशीच, दुकानातून उठून आलेले. मामा नकाशाशेजारी छडी घेऊन उभे. भावोजींची पाळी आली तेव्हा ते पुढे येऊन त्या रेघेकडे जवळून बघत राहिले, कापडाकडे बघावं तसे. मग विचारलं, "साहेब, एक शंका. ही रेघ जाड आहे. आमच्याकडे खडूची रेघ जाड पडली तर आधी ठरवावं लागतं, कापायचं रेघेच्या अलीकडून की पलीकडून. नाहीतर सदरा आखूड होतो. तर इथे कापायचं कुठून? अलीकडून, आमच्या घराच्या बाजूने, की पलीकडून, रस्त्याच्या?"

सगळं सभागृह हसलं. साहेब हसले. कुणीतरी मागून ओरडलं, "शिंपीदादा, हा रस्ता आहे, लेंगा नव्हे!" भावोजीही कसनुसे हसले आणि जागेवर जाऊन बसले. मामांनी मान खाली घातली. त्यांना लाज वाटली. कुणाची, तर भावोजींची! हे पुढे त्यांना आठवत राहिलं.

घरी अक्काने नवऱ्याला फाडून खाल्लं. माझ्या भावाचं चारचौघांत हसं केलंत, त्याच्या कामात तुम्हाला काय कळतं, पुन्हा त्या रेघेचं नाव काढायचं नाही. भावोजींनी काढलं नाही. गरीब माणूस, नाही म्हणजे नाही.

आणि रस्ता? तो काही आला नाही. आज येतो, उद्या येतो, साहेब बदलले, फायली या कपाटातून त्या कपाटात गेल्या. साहेबांनी तीस वर्षांनंतरची म्हणून मोजलेली माणसं सोळा वर्षांतच येऊन बसली. जिकडेतिकडे घरांवर घरं चढली. तेवढ्या तेवीस घरांच्या पट्ट्यात एक वीट हलली नाही. भावोजींच्या सात पायऱ्या अंगणात तशाच उभ्या राहिल्या. वर जाऊन बघावं तर आभाळ. अक्का त्यांवर कपडे वाळत घालायची, कुंड्या ठेवायची. संध्याकाळी भावोजी चौथ्या पायरीवर बसून काजं करायचे.

भाच्याचं लग्न झालं. दोन खोल्यांत चार माणसं, मध्ये चादरीचा पडदा. सून चांगली होती, तिने वर्षभर काढलं. मग एक दिवस भाचा म्हणाला, "आई, किती दिवस खोकून घरात शिरायचं आम्ही?" आणि ते दोघं लांब निघून गेले, आधी दुसऱ्या शहरात, मग दुसऱ्या देशात. आराखड्यात येणाऱ्या माणसांचे तक्ते पानोपानी होते. जाणाऱ्यांचा एक रकाना नव्हता. नातू झाला तो अक्काने फोनवर पाहिला. भावोजींनी त्याच्यासाठी अंदाजाने कपडे शिवून पाठवले, ते पोचेपर्यंत आखूड झाले. चार वर्षांपूर्वी भावोजी गेले. भाचा तिसऱ्या दिवशी पोचला.

मामांच्या निवृत्तीला महिना राहिला तेव्हा दोन गोष्टी एकदम झाल्या. पुढच्या तीस वर्षांचा नवा आराखडा सुरू झाला, आणि तो जुना रस्ता खरंच मंजूर झाला. अक्काच्या घरी कागद आला, सहा महिन्यांत जागा मोकळी करा. "जाते पोराकडे," अक्का म्हणाली. "माझं काय, उचलून कुठेही ठेवा." पण त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं. मामांना दिसत होतं. तिला ती जागा सोडायची नव्हती, जिथे खिडकीशी ते यंत्र होतं.

ऑफिसात जुने सगळे नकाशे संगणकात घालायचं काम चाललं होतं. शाईचे आणि पेन्सिलीचेही, कारण नव्या बाई भारी काटेकोर. बाई म्हणजे आताच्या साहेब. एका दुपारी संगणकावरच्या मुलीने हाक मारली, "मामा, इथे दोन रेघा जुळत नाहीत. कोणती घेऊ?"

मामा चष्मा सावरत गेले. पडद्यावर खाली साहेबांची पेन्सिल, वर त्यांची शाई. बाकी सगळीकडे पेन्सिल शाईच्या बरोबर मधोमध. फक्त त्या रस्त्याच्या एका हद्दीवर तशी नव्हती. तिथे पेन्सिल शाईच्या एका काठाला चिकटून होती आणि शाईची सगळी जाडी एकाच बाजूला सांडली होती. घरांच्या बाजूला.

मामांना बघताक्षणी कळलं. हात वर्षानुवर्षं एकाच सवयीने चालला होता. बारीक पेनाला पट्टी रेघेला जवळजवळ चिकटवून धरली तरी चालतं. जाड पेनाला ती मागे घ्यावी लागते, नाहीतर सगळी शाई पेन्सिलीच्या एकाच बाजूला पडते. त्या दुपारी घाईत पट्टी मागे घ्यायची राहिली. पट्टी रस्त्याच्या बाजूला होती आणि पेन अक्काच्या घराच्या बाजूला. नकाशावर मिलिमीटरसुद्धा नाही, तांदळाच्या अर्ध्या रुंदीएवढं. जमिनीवर आठ मीटर.

पेन्सिलीची रेघ अक्काच्या अंगणाबाहेरून गेली होती. तेवीसच्या तेवीस घरांच्या बाहेरून.

"मामा? नियमाने शाईची घ्यायची ना?"

मामांनी चष्मा काढून पुसला. रेघ कुणासाठी हलत नसते म्हणे! कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि वर तीस वर्षं कुंपण म्हणून मान घेतला होता.

"थांब," ते म्हणाले. "बाईंना विचारतो."

त्यांनी त्याच दुपारी लिहून दिलं. रेघ चुकली, चुकवणारा मी, खाली सही. बाईंनी दोनदा वाचलं. "मामा, शुक्रवारी तुमचा निरोप समारंभ. सगळ्यांच्या भाषणात एकच गोष्ट आहे, सख्ख्या बहिणीसाठी रेघ हलवली नाही. आणि आज तुम्ही हा कागद देताय. लोक म्हणतील, जाता जाता बहिणीचं घर वाचवलं."

"म्हणू देत."

"पेन्सिलीचा कागद आहे, त्यावर साहेबांची सही आहे. मला दुरुस्ती करावीच लागेल. पण तुम्हाला त्रास होईल."

"तेवीस घरं आहेत, बाई. त्यांतल्या चौदा घरांतली माणसं सोडून गेली. त्यांना त्रास झाला तो कुणाच्या नावावर घालू?"

शुक्रवारी समारंभ झाला. फुलं दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं. रेघेची गोष्ट एकानेही सांगितली नाही. मामा भावोजींनी शिवलेला शेवटचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. कोपऱ्यात दोघं कुजबुजत होते आणि काय ते त्यांना न ऐकता कळत होतं.

अकरा दिवसांनी मोजणी होऊन पत्र निघालं. मामा ते हाती घेऊन अक्काकडे गेले. दुपार होती. खोलीत खोकी बांधून ठेवलेली, यंत्रावर चादर. अक्का सातपैकी दुसऱ्या पायरीवर बसून दोऱ्या कापत होती.

मामांनी पत्र वाचून दाखवलं.

"म्हणजे जायला नको?" तिने विचारलं. "नको ना रे? खरं सांग."

"नको."

अक्का आधी हसली, मग पदराने डोळे पुसू लागली, मग पुन्हा हसली. "बाई गं! जीव नुसता टांगणीला लागला होता." मग त्यांचा हात धरून म्हणाली, "तू केलंस ना? मला ठाऊक होतं. तीस वर्षं हलवली नाहीस, पण शेवटी बहिणीसाठी हलवलीस रे रेघ."

तिथेच थांबता आलं असतं. कुणाचं काही बिघडलं नसतं, उलट म्हातारपणी दोघांना गोड घास मिळाला असता. मामांना तो मोह झाला, चांगला मिनिटभर झाला.

"आता नाही हलवली, अक्का," ते म्हणाले. "तेव्हा हलवली होती. मीच. मला कळलं नाही." आणि त्यांनी सगळं सांगितलं. मागची रांग, जाड पेन, पट्टी. नळीसुद्धा सांगितली, जी उघडायला ते गेले नव्हते.

अक्काने हात सोडला.

"किती?" तिने विचारलं.

"आठ मीटर."

तिने अंगणाकडे पाहिलं, जणू तिथे ते आठ मीटर पडलेले होते. मग मान वर करून पायऱ्यांकडे पाहिलं.

"आता वर खोली काढता येईल," मामा म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांना स्वतःची शिसारी आली.

"कुणासाठी?" अक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पोरगं गेलं माझं. नातवाला मांडीवर घेतला नाही मी. आता तो माझ्याएवढा उंच झाला असेल."

मामा रडायला लागले. तिने त्यांना गप्प केलं नाही. पाच वर्षांचे असल्यापासून त्यांना गप्प करत आलेली ती, आज नुसती बसून राहिली.

"ह्यांनी विचारलं होतं," ती म्हणाली. "भर सभेत विचारलं होतं. आणि मी घरी आल्यावर काय काय बोलले रे त्यांना! तुला काय कळतं कापडापलीकडचं, असंसुद्धा बोलले. अरेतुरे केलं मी त्यांना त्या दिवशी, तुझ्यापायी. त्यानंतर एक शब्द काढला नाही त्यांनी." ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. "मला नको सांगूस काही. ज्यांनी विचारलं होतं, त्यांना जाऊन सांग."

मामा आत गेले. यंत्राच्या वर भिंतीला भावोजींचा फोटो होता, गळ्यात टेप, चेहऱ्यावर तेच कसनुसं हसू. खोकी बाजूला सारून मामा त्याच्यासमोर उभे राहिले. बाहेर अक्का ऐकत होती, हे त्यांना माहीत होतं.

"पलीकडून, भावोजी," ते म्हणाले. "रेघेच्या पलीकडून कापायचं होतं."